सामायिक किचनची साफसफाई: सांगली, मिरज, कुपवाडमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सांगली, मिरज आणि कुपवाड भागातली धंद्याची स्वयंपाकघरं साफ करतो. हल्ली एकाच ओट्यावर तीन-तीन धंदे चालतात. पहाटे मिरजेच्या दवाखान्यांतल्या पेशंटच्या नातेवाइकांचे डबे, दुपारी बचत गटाचं भडंग आणि चकली, रात्री बिर्याणी. या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे त्यांच्याच शब्दांत घेतले आहेत. उत्तरं क्रमाने वाचायची गरज नाही, अडलेला प्रश्न काढून वाचला तरी चालेल.

१. स्वतःचं हॉटेल आणि भाड्याचं सामायिक किचन, साफसफाईत एवढा काय फरक?

स्वतःच्या हॉटेलात रात्री सांडलेलं सकाळी तुम्हालाच दिसतं. सामायिक किचनमध्ये सांडणारा वेगळा आणि सापडणारा वेगळा. म्हणून आपापलं पातेलं सगळे नीट घासतात, पण जे कुणाचंच नाही ते तसंच राहतं: फ्रिजच्या दाराचं रबर, गॅसची बटणं, नळाची मूठ, मिक्सरचा स्विच, वजनकाट्याची ताटली, मोरीची जाळी. नव्या किचनमध्ये गेलो की आम्ही ओटा बघतच नाही, आधी याच जागांवर बोट फिरवतो. या प्रत्येक वस्तूपुढे एकेका माणसाचं नाव लिहून भिंतीवर लावलं की निम्मं काम झालं. ‘सगळ्यांनी मिळून करायचं’ असं ठरलेलं काम आम्ही आजवर एकाही किचनमध्ये झालेलं पाहिलेलं नाही.

२. साबणाने घासून चकचकीत केलं. मग वरून सॅनिटायझर कशाला?

कारण ही दोन कामं वेगळी आहेत. साबण आणि घासणी खरकटं, तेल आणि राप काढते. सॅनिटायझर उरलेले जंतू मारतो. क्रम उलटा केला तर दोन्ही वाया जातं. तेलकट ओट्यावर सॅनिटायझर म्हणून क्लोरीन ओतलं तर ते तेलावर आणि खरकट्यावरच खर्ची पडतं, खालचे जंतू सुखरूप राहतात. खरवडा, साबणाने घासा, साध्या पाण्याने धुवा, सॅनिटायझर लावा, हवेत वाळू द्या. शेवटी फडक्याने पुसू नका, नाहीतर फडक्यातले जंतू परत ओट्यावर येतात (प्रश्न ६ पाहा).

सुऱ्या, चमचे, लहान भांडी यांना रसायनाऐवजी कडक पाणी चालतं. ८० अंशांच्या आसपासच्या पाण्यात अर्धा मिनिट पूर्ण बुडली पाहिजेत. गिझरचं पाणी तेवढं तापत नाही, गॅसवर तापवून थर्मामीटरने बघा.

३. क्लोरीनचं पाणी नेमकं किती कडक करायचं? अंदाजाने झाकणभर टाकतो.

अंदाज नको. आपण ज्याला क्लोरीन म्हणतो ते बाजारात सोडियम हायपोक्लोराइट नावाने मिळतं, त्यावर टक्के लिहिलेले असतात. ५ टक्क्यांचं द्रावण असेल तर १ लिटर पाण्यात १ मिली म्हणजे ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग), २ मिली म्हणजे १०० पीपीएम. घासलेला ओटा, चॉपिंग बोर्ड, भांडी यांना १०० पीपीएम पुरे. म्हणजे १० लिटरच्या बादलीला २० मिली. लावल्यावर दोन मिनिटं पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. याहून कडक केलं तर नंतर धुवावं लागतं, आणि स्टीलवर बारीक खड्डे पडतात ते वेगळंच.

यातली मेख अशी की बाटलीवरचे ५ टक्के कायम टिकत नाहीत. ऊन आणि उष्णता लागली की क्लोरीन उतरत जातं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला कॅन काही आठवड्यांत फिका पडतो. म्हणून लहान कॅन घ्या, अंधाऱ्या गार जागी ठेवा, बादली रोज नवी करा आणि कागदी चाचणीपट्टीने तपासा. साफसफाईवरच्या खर्चात एकाच गोष्टीला पैसे उरले असतील तर ते या पट्ट्यांवर घाला.

४. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र टाकलं तर जास्त स्वच्छ होईल ना?

नाही. जीव जाऊ शकतो. फरशीचं किंवा संडासाचं ॲसिड क्लोरीनमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या काच क्लीनरबरोबरही विषारी वायू तयार होतो. आमच्याच टीममधल्या एका मुलाने बंद मोरीत आधी ॲसिड टाकलं, पाणी न सोडता त्यावर क्लोरीन ओतलं. मिनिटभरात खोकून तो गुडघ्यावर आला. त्याला उघड्यावर नेलं, दवाखान्यात दाखवलं, तो बरा झाला. चूक त्याची नव्हती. दोन्ही कॅन एकाच रंगाचे होते आणि आम्ही त्यांवर नाव लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे ॲसिड वेगळ्या कुलपात असतं आणि ते वापरायचं त्या दिवशी क्लोरीन गाडीतून खाली उतरत नाही.

पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत रसायन भरून ठेवू नका. सामायिक किचनमध्ये पुढच्या शिफ्टचा माणूस ती बाटली तोंडाला लावू शकतो.

५. दोन शिफ्टच्या मध्ये साफसफाईला किती वेळ ठेवायचा?

किमान अर्धा तास, आणि तो दोघांच्याही वेळेच्या बाहेरचा. बहुतेक करारांत ‘दुपारी दोनला पहिल्याचं संपतं, दोनला दुसऱ्याचं सुरू’ असं लिहिलेलं असतं. तिथेच भांडणाचं मूळ आहे. पहिल्याचा शेवटचा घाणा कढईत असतो आणि दुसऱ्याच्या भाज्या दारात उतरत असतात. मग ओट्यावरून ओलं फडकं फिरतं आणि त्याला साफसफाई म्हणतात.

आम्ही सुचवतो ते असं. जाणाऱ्याने आपलं सामान, खरकटं आणि कचरा काढून ओटा घासून द्यायचा. येणाऱ्याने तो बघून वहीत सही करायची आणि सॅनिटायझर स्वतः लावायचा. ज्याचं अन्न त्या ओट्यावर पडणार आहे, शेवटचा हात त्याचाच असावा. न पटल्यास सही करू नये, मोबाइलवर फोटो काढून किचनमालकाला पाठवावा. ही वही पुढे तपासणीतही उपयोगी पडते (प्रश्न १३).

६. फडकी रोज धुतो, तरी वास का येतो?

कारण ती वाळत नाहीत. ओलं, कोमट, खरकटं लागलेलं कापड म्हणजे जंतूंची पेरणी. नळावर लटकणारं एक सार्वजनिक फडकं ताबडतोब बंद करा. ओट्याचं, भांड्यांचं आणि फरशीचं फडकं वेगवेगळ्या रंगाचं ठेवा, कच्च्या मटण-चिकनच्या जागेचं आणखी वेगळं. शिफ्ट संपली की उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा कागदी रोल परवडतो, हे आम्ही हिशोब करून सांगतो.

७. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. फेसच येत नाही, भांड्यांवर पांढरे डाग पडतात.

पाणी जड आहे. नदीकाठच्या सिंचनाच्या पट्ट्यात पाणी साचून जमिनी खारवटल्या आहेत, बोअरलाही ती चव उतरते. जड पाण्यात साबण जास्त लागतो आणि पांढरा थर बसतो. तो थर नुसता दिसायला वाईट असता तर आम्ही काही बोललो नसतो, पण खरखरीत थरात तेल आणि जंतू चिकटून राहतात आणि तिथे सॅनिटायझर पोचत नाही. आठवड्यातून एकदा सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे लिंबूसत्वाच्या, कोमट पाण्याने थर काढा, भरपूर पाण्याने धुवा, मगच क्लोरीन. हेही ॲसिडच आहे, प्रश्न ४ मधला नियम इथेही लागू.

स्वयंपाकाचं पाणी दर सहा महिन्यांनी प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि अहवाल फाईलला लावा.

८. चिमणी आणि हुड किती दिवसांनी साफ करायचे?

जाळ्या दर आठवड्याला, तळणीचं काम असेल तर दर दोन-तीन दिवसांनी. आतला पाइप मात्र सगळेच विसरतात. त्यात साचलेलं तेल पेट घेतं आणि आग वरच्या वर पळते, खालून फवारा मारून हाती लागत नाही. अमेरिकेतल्या एनएफपीए ९६ या अग्निसुरक्षेच्या मानकात लाकूड-कोळशावर शिजवणाऱ्या किचनला दर महिन्याला, दिवसरात्र किंवा मोठ्या आचेवर चालणाऱ्याला दर तीन महिन्यांनी, मध्यम कामाला सहा महिन्यांनी तपासणी सांगितली आहे. आपल्याकडे ते बंधनकारक नाही, पण आम्ही तेच वेळापत्रक धरतो. एकाच चिमणीखाली तीन धंदे असतील तर तिघांची तळणी एकत्र मोजा. प्रत्येकजण ‘माझं थोडंच असतं’ म्हणतो आणि पाइपात सगळ्यांचं मिळून साचतं.

काम करताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह आणि वीज दोन्ही बंद.

९. जाळ्या कॉस्टिकमध्ये बुडवल्या तर काळ्या पडून भोकं पडली. माल खराब होता का?

माल ठीक असेल, धातू चुकला. हुडच्या बऱ्याच जाळ्या ॲल्युमिनियमच्या असतात. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो, तोही पेटणारा वायू. हीच गोष्ट ॲल्युमिनियमच्या पातेल्यांची आणि इडलीपात्रांची. त्यांना सौम्य साबण, गरम पाणी आणि नायलॉनचा ब्रश. स्टीलला कॉस्टिक चालतं, हातमोजे आणि चष्मा घालून. आणि नेहमी पाण्यात कॉस्टिक घाला, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतू नका.

१०. मोरी आधी धुवायची की ओटा?

वरून खाली यायचं हे बरोबर, पण मोरी हा अपवाद आहे. मोरीत प्रेशरचा पाइप मारला की बारीक तुषार उडून ओट्यापर्यंत जातात. म्हणून अन्न झाकून वा उचलून ठेवा, छत, हुड, भिंती, ओटा घासून घ्या, मग मोरी कमी दाबाने आणि वेगळ्या ब्रशने साफ करा. ओट्याला सॅनिटायझर मात्र मोरी झाल्यावर, अगदी शेवटी.

ग्रीस ट्रॅप, म्हणजे मोरीच्या पाण्यातलं तेल अडवणारी टाकी, तिचा नियम सोपा आहे. वर तरंगणारं तेल आणि तळाचा गाळ मिळून टाकीची पाव उंची झाली की उपसायचा. गरम पाणी सोडून तेल पुढे ढकलू नका, ते गटारात जाऊन थिजतं आणि पावसाळ्यात तुमच्याच मोरीतून पाणी उलटं येतं.

११. दर महिन्याला फवारणी करतो, तरी झुरळं जात नाहीत.

फवारणीमुळेच जात नाहीत, असंही होतं. किचनमधलं लहान तपकिरी झुरळ विषारी जेल खाऊन मरतं. जेलवर किंवा आसपास स्प्रे मारला की ते जेलकडे फिरकत नाही. दोन धंदेवाल्यांनी दोन वेगळे पेस्ट कंट्रोलवाले लावले की हमखास हेच घडतं. संपूर्ण किचनला एकच करार ठेवा.

दुसरं, झुरळ बाहेरून येतं. पुठ्ठ्याची खोकी, अंड्यांचे ट्रे, कांद्याची पोती यांतून. झुरळाच्या अंड्यांच्या एका कोशात ३०–४० पिल्लं असतात. माल दारातच रिकामा करा, खोकं आत नेऊ नका. रात्री टॉर्च घेऊन फ्रिजच्या मोटरमागे आणि ओव्हनच्या बिजागरीत बघा, तिथे ऊब असते.

१२. भडंग, मसाला, चटणी यांचं काम आहे. रोज खोली धुऊन काढतो. बरोबर ना?

हा प्रश्न सांगलीइतका दुसरीकडे कुठे क्वचितच येत असेल. उत्तर ऐकून बहुतेकांना धक्का बसतो: धुऊ नका. कोरड्या मालाच्या खोलीत पाणी हाच शत्रू. हळद, तिखट, शेंगदाण्याच्या कुटात साल्मोनेलासारखे जंतू कोरड्या अवस्थेत महिनोन्‌महिने टिकून राहतात, पण वाढू शकत नाहीत. फटीतल्या भुकटीला पाणी लागलं की ते वाढायला लागतात, वर बुरशीही. झाडणी, ब्रश, खरवडणी आणि व्हॅक्यूम वापरा. कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू नका, ती तुळयांवर बसते आणि दुसऱ्या दिवशी मालात पडते. यंत्राचे भाग सुटत असतील तर खोलीबाहेर नेऊन धुवा, हाडासारखे कोरडे करूनच परत आणा. निर्जंतुक करायचं तर ७० टक्के अल्कोहोल, तेही गॅस बंद असताना.

चकलीचा सोऱ्या याच प्रकारात येतो. चकतीच्या भोकांत वाळलेलं पीठ टूथब्रशने आतून काढा आणि पुरता वाळल्याशिवाय झाकण लावू नका. दिवाळीआधी भाड्याने येणारे सोऱ्ये आम्ही उघडून बघितले आहेत, आतली हिरवी बुरशी विसरता येत नाही.

शेंगदाण्याची आणखी एक बाजू आहे. काहींना त्याची जीवघेणी ॲलर्जी असते. क्लोरीनने किंवा उष्णतेने ॲलर्जी आणणारी प्रथिनं नाहीशी होत नाहीत, साबण-पाण्याने घासूनच निघतात. कोरड्या खोलीत तेही धड जमत नाही. म्हणून ज्या ओट्यावर भडंग होतं तिथे ‘शेंगदाणा नसलेलं’ असं काही बनवून विकू नका, आणि त्याच तेलात तळूनही नाही. आम्ही कितीही साफ केलं तरी हे वाक्य लेबलवर लिहायला आम्ही सांगणार नाही.

१३. किचन भाड्याचं आहे. तपासणीत जबाबदारी मालकाची की माझी?

ज्याचं अन्न, त्याची नोंदणी किंवा परवाना, आणि तो त्या जागेच्या पत्त्यावर. मालकाच्या परवान्याखाली तुमचा धंदा झाकला जात नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ५६ प्रमाणे अस्वच्छ स्थितीत अन्न बनवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. सफाईचा ठेका आमच्याकडे असला तरी ती जबाबदारी आमच्या अंगावर येत नाही, हे आम्ही करार करतानाच सांगतो.

फाईलला पाण्याचा अहवाल, कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, पेस्ट कंट्रोलची पावती, फ्रिजच्या तापमानाची नोंद आणि शिफ्टची वही असू द्या. महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या असतील तर त्या कुणालाही ओळखू येतात.

१४. दिवसा जैन किंवा उपवासाचं जेवण, रात्री चिकन. तुम्ही साफ केलं तर चालेल का?

आरोग्यापुरतं विचाराल तर हो. प्रश्न २ प्रमाणे नीट केलं तर कच्च्या चिकनचे जंतू ओट्यावर राहत नाहीत. पण विचारणाऱ्याचा प्रश्न जंतूंचा नसतो, श्रद्धेचा असतो, आणि त्याला क्लोरीन हे उत्तर नाही. सांगली-मिरजेत जैन कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतल्या अनेकांना एकच कढई धुऊन वापरलेली चालत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: पातेली, कढया, सुऱ्या, पोळपाट-लाटणं आणि तेल पूर्ण वेगळं, कुलपात ठेवलेलं. आणि गिऱ्हाइकाला खरं सांगायचं की याच किचनमध्ये रात्री मांसाहार होतो. ऐकून काही ऑर्डरी जातील. जाऊ द्या.

१५. तळणीचं उरलेलं तेल मोरीत टाकत नाही, पण मग करायचं काय?

पुढच्या शिफ्टसाठी कढईत ठेवायचं तर नाहीच. तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने बिघडून तयार होणारे घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायला बंदी आहे, १ जुलै २०१८ पासून. ते मोजायचं मीटर मिळतं. तीन धंद्यांनी मिळून एक घेतलं तर जड जात नाही. वापरलेलं तेल झाकणाच्या डब्यात साठवून बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्या नोंदणीकृत संकलकाला द्या आणि पावती घ्या. रोज ५० लिटरहून जास्त तेल तळणीला लागत असेल तर नोंद ठेवणं बंधनकारक आहे.

१६. कामगाराला किचनमध्येच उलटी झाली. नेहमीसारखं पुसून पुढे चालू करायचं का?

नाही. आसपासचं उघडं अन्न टाकून द्या. कागदाने उचला, पिशवी बांधा, साबणाने धुवा, मग १००० पीपीएम, म्हणजे ५ टक्क्यांच्या द्रावणाचे लिटरला २० मिली. दहा मिनिटं ठेवून धुवा. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस हा विषाणू नेहमीच्या मात्रेला दाद देत नाही आणि अल्कोहोलच्या हँड सॅनिटायझरलाही फारसा जुमानत नाही, हात साबणानेच धुवायचे. उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास त्या माणसाला अन्नाला हात लावू देऊ नका. त्या दोन दिवसांचा पगार कापू नका, कापला तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

१७. पुराचं पाणी किचनमध्ये आलं होतं. धुऊन पुन्हा सुरू करता येईल का?

येईल, पण चिखल काढला म्हणजे किचन तयार झालं असं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या पाण्यात नाले, संडास, मेलेली जनावरं, शेतातली औषधं सगळं मिसळलेलं असतं.

वीज आणि गॅस तपासल्याशिवाय आत जाऊ नका. चिखल ओला असतानाच काढा, वाळला की दुप्पट काम. मग भिंतींवर पाणी चढलं त्याच्या हातभर वरपर्यंत साबणाने घासा, धुवा, आणि जास्त मात्रेचं क्लोरीन लावून पुन्हा धुवा. पिण्याच्या पाण्याची टाकी रिकामी करून घासा, ५० पीपीएम क्लोरीनचं पाणी नळांपर्यंत भरून रात्रभर ठेवा, सोडून द्या, आणि पाण्याची नवी चाचणी आल्याशिवाय स्वयंपाकाला वापरू नका.

टाकायचं काय, यावर सगळे अडतात. धान्य, पीठ, मसाले टाकायचे. पाण्यात बुडालेली सीलबंद प्लास्टिकची पाकिटं आणि बुचाच्या बाटल्याही टाकायच्या, कारण सीलच्या कडेत काय शिरलं ते कळत नाही. लाकडी पोळपाट, पाट, चॉपिंग बोर्ड, रबरी गॅस्केट, काथ्या, फडकी गेली असं समजा. डीप फ्रीजच्या पत्र्याआतल्या फोमने पाणी प्यायलं असेल तर तो बाहेरून कितीही चमकला तरी घेऊ नका. स्टील आणि काच वाचते.

गावभाग, मारुती चौक अशा पूर चढणाऱ्या भागात किचन असेल तर जुलैपासूनच कोरडा माल आणि मिक्सर-ग्राइंडर वरच्या मजल्यावर नेण्याची जागा ठरवून ठेवा. आयर्विनपाशी पाणी ४० फुटांकडे सरकायला लागलं की हलवायला सुरुवात करा. सामायिक किचनमध्ये कुणाचं सामान कोण उचलणार हेही आधीच लिहून ठेवा, कारण त्या रात्री प्रत्येकजण आधी आपलं घर आवरायला धावतो.